छातीवरचा दगड आणि सगुणाबाई सिस्टर

मला उसण भरली तेव्हा माझ्या पाठीवर एक माणूस होता. किसन त्याचं नाव. साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला, अंगानं भरलेला, आणि स्वभावानं इतका भाबडा की ‘या, तुम्हाला उचलून आपटतो’ म्हटल्यावर चपला काढून नमस्कार करून स्टेजवर आला होता.

एकाहत्तर साल असावं. देवळाली प्रवराच्या हायस्कूलचं स्नेहसंमेलन चाललं होतं. मी तिथला पी.टी.चा मास्तर, वय सत्तावीस, मूळचा जामखेडकडचा. आमच्या भागात विहिरींना पाणी कमी, पण तालमीत मातीची कमी नव्हती. दहाव्या वर्षापासून मी कुस्ती केलेली. लाठी येत होती, दांडपट्टा येत होता, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन पंधरा दिवसांच्या शिबिरात जुदो शिकून आलो होतो. पंधरा दिवसांत जुदो येत नाही. ते आपल्याला येतं असं वाटायला मात्र तेवढे दिवस पुरतात.

जुदोतली गंमत अशी, की समोरच्याला ओढून कमरेवर घ्यायचं आणि त्याच्याच वजनानं त्याला पुढं टाकायचं. मी किसनला ओढलं, कमरेवर घेतलं, आणि तिथंच कमरेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. ना पुढं जाता येईना, ना मागं.

“सर, टाका की आता,” किसन माझ्या कानाशी म्हणाला.

“टाकता येत नाही.”

“मग खाली सोडा.”

“तेही येत नाही.”

“मग मी आसाच ऱ्हाऊ?”

खाली पालक टाळ्या वाजवत होते. हेडमास्तरांनी माईक हातात घेतला. “पाहा, विद्यार्थी मित्रांनो, किती वेळ पेलून धरलं आहे! ही व्यायामाची ताकद!” असं त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलेलं संस्कृतच्या मास्तरांना दिसलं. मग चौघांनी मिळून किसनला माझ्यावरून पोतं उतरवावं तसा उतरवला. मी मात्र तसाच वाकलेला राहिलो.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘योगमार्गावरील वाटचाल’ असा विषय कळवला आहे. वाटचाल म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस ताठ मानेनं, शांत चेहऱ्यानं चालला असेल. मी या मार्गावर काटकोनात वाकून शिरलो. एका बाजूनं किसन धरून, दुसऱ्या बाजूनं शाळेचा शिपाई, आणि मागून निम्मी शाळा.

मला नेलं ते कालव्याच्या कडेला राहणाऱ्या सगुणाबाई सिस्टरांकडे. एका मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. वय बासष्ट, पांढरं लुगडं, अंगकाठी ऊस सोलून ठेवावा तशी. एकट्याच राहायच्या. दारात पेरूचं झाड, आत भिंतीवर लाकडी क्रूस, आणि त्याच्याखाली एक चटई. तरुणपणी पुण्यात नर्सिंग शिकताना एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना आसनं आणि प्राणायाम शिकवला होता. तेव्हापासून त्या रोज सकाळी आसनं करायच्या, मग डोळे मिटून प्रार्थनेला बसायच्या. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाच्या दृष्टीनं त्या सुई टोचणाऱ्या बाई.

मला वाटलं, त्या चोळतील, शेक देतील. त्यांनी मला पाठीवर झोपवलं, गुडघ्यांखाली उशी सरकवली आणि म्हणाल्या, “पैलवान, अंग सैल सोडा.”

“सोडलंय.”

त्यांनी माझं मनगट धरून हात वर उचलला आणि सोडून दिला. माझा हात हवेत तसाच राहिला.

“हा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“माझाच.”

“मग घ्या की खाली. मी कधीच सोडलाय.”

किसन मागं उभा होता तो खो खो हसला. मी हात खाली घेतला. त्यांनी दुसरा उचलला. तोही वरच. सतरा वर्षं मी या शरीराला एकच शिकवलं होतं, की कुणी धरलं की आवळायचं. तालमीत ते शिकावंच लागतं. पण ते शिकलेलं अंग रात्री झोपेतसुद्धा कुस्ती खेळत होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

योग म्हणजे काय, असं लोक मला अजून विचारतात. मोठमोठी उत्तरं पुस्तकांत आहेत. मी आपलं कारखान्याच्या गावात शिकवलेला माणूस आहे, त्यामुळं माझं उत्तर तसंच आहे. आपल्या शरीरात निम्मे कामगार विनाकारण कामावर आलेले असतात. पेन धरायचं असतं बोटांनी आणि खांदा वर चढलेला असतो. सुईत दोरा ओवायचा असतो आणि जबडा आवळलेला असतो. ज्याचं काम आहे त्यानं करावं, बाकीच्यांनी घरी जावं, एवढं साधलं की आसन झालं. हेच डोक्याच्या बाबतीत जमवायला मात्र आयुष्य जातं. माझं अजून पुरतं जमलेलं नाही.

आठ दिवसांत मी ताठ झालो. नवव्या दिवशी सिस्टरांकडे जाऊन म्हणालो, “बाई, मला हे शिकवा.”

“शिकवीन. पण इथं घाम काढायला यायचं नाही. तो तुमच्या तालमीत काढा.”

माझी अडचण वेगळीच होती. सहा फुटी पैलवान एका म्हाताऱ्या नर्सबाईकडे जाऊन तासभर निपचित पडतो, हे कळलं तर पोरं मैदानावर माझ्या शिट्टीला कशी घाबरणार? म्हणून मी एक युक्ती केली. रोज संध्याकाळी कुठं जाता, असं कुणी विचारलं की सांगायचो, “इंजेक्शन द्यायला शिकतोय.”

ही थाप मला महागात पडली. पंधरा दिवसांत दारात माणसं यायला लागली. कुणाच्या सासूला, कुणाच्या मेव्हण्याला. एकानं तर बैल आणला. मी प्रत्येकाला सांगायचो, अजून परीक्षा व्हायची आहे. शेवटी शाळेत कॉलऱ्याची लस टोचायची ठरली, तेव्हा हेडमास्तरांनी नोटीस काढली आणि मदतनीसांच्या यादीत पहिलं नाव माझं घातलं. तीनशे मुलं टोचायची होती.

मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं खरं सांगितलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे तुम्ही रोज तासभर तिथं जाऊन झोपता?”

“झोपत नाही सर. निपचित पडतो. जागेपणी.”

“आणि काय होतं?”

“अंग सुटतं. रात्री झोप चांगली लागते.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, नोकरी गेली. मग त्यांनी उठून दार लावलं आणि हळूच विचारलं, “मला जमेल का हो? ग्रँटची तपासणी लागल्यापासून डोळ्याला डोळा नाही.”

असा माझा पहिला योगवर्ग सुरू झाला. मी आधी सिस्टरांनाच म्हणालो होतो, तुम्ही शिकवा. त्या म्हणाल्या, “गावातले पुरुष माझ्याकडं सुई घेतील, श्वास घेणार नाहीत. तू शिकव. चुकलास की मी आहे.” तोवर त्या मला ‘पैलवान’ सोडून ‘अरे बबन’ म्हणायला लागल्या होत्या.

सकाळी साडेपाचला शाळेच्या हॉलमध्ये चार माणसं यायची. हेडमास्तर पहिल्याच सूचनेला घोरायला लागायचे. एक तलाठी होते, त्यांना बदली रद्द होईल असं आसन हवं होतं. मी त्यांना वज्रासन दिलं. त्यात माणूस जागचा लवकर हलत नाही. किराणा दुकानदाराला मी जलनेती सांगितली. म्हणजे कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून ते एका नाकपुडीतून घ्यायचं आणि दुसरीतून सोडायचं. दुकान स्वतःचं, म्हणून त्यानं मूठभर घातलं. त्याच्या शिंका पेठेत कुणी विसरलं नाही. चौथा किसन. त्याला कशातलं काही कळायचं नाही, पण माझ्यावर त्याचा विश्वास असा, की मी ‘आता तरंगा’ म्हटलं असतं तर त्यानं प्रयत्न केला असता.

चार माणसांवर माझं समाधान होईना. कुस्तीच्या फडात हजारांच्या टाळ्या घेतलेला माणूस मी, आणि इथं माझी कमाई काय, तर हेडमास्तरांचं घोरणं. लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे, असं मला वाटायला लागलं. मग मी फलक लिहिला: ‘योगसामर्थ्याचे थरारक प्रयोग. छातीवर दगड फोडणे.’

ती विद्या मी आमच्याकडच्या एका डोंबाऱ्याकडून लहानपणीच घेतली होती. त्यात योग तिळभर नाही. माणसानं घोंगडीवर उताणं झोपायचं, छातीवर मोठा दगड ठेवायचा आणि दुसऱ्यानं घण मारून तो फोडायचा. सगळं रहस्य दगडाच्या वजनात. दगड जितका जड, तितका घणाचा घाव तोच खातो, खालच्या माणसापर्यंत फारसं काही पोचत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बापरे, एवढा मोठा दगड! खरी भीती लहान दगडाची.

घण मारायला मी किसनला उभा केला. पहिल्या वेळी त्यानं घण उचलण्याआधी मला नमस्कार केला. दगड फुटला, मी उठून उभा राहिलो, बाजारतळावर शिट्ट्या झाल्या. पुढच्या आठवड्यात वर्गाला वीस माणसं. दोन महिन्यांत साठ. शेजारच्या गावांतून बोलावणी यायला लागली. माझ्या नावामागं कुणी ‘योगी’ लावलं, ते मी काढायला सांगितलं नाही.

किसननं एकदा सायकलवरून येताना विचारलं, “सर, तुमाला लागत कसं न्हाई?”

मला खरं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण सांगितलं असतं तर मी त्याच्या नजरेत योगी राहिलो नसतो. मी दूर उसाकडं बघत म्हणालो, “प्राण छातीत कोंडायचा. श्वास सुटला तर संपलं.”

“आसं हाय व्हय,” किसन म्हणाला आणि पुढं सबंध रस्ता तो गाल फुगवून श्वास कोंडून बघत होता.

सिस्टरांच्या कानावर हे प्रयोग गेले होते. मी त्यांच्याकडे गेलो की त्या नेहमीसारखंच शिकवायच्या. एकदाच म्हणाल्या, “दगड फुटला म्हणे.”

“हो बाई.”

“दगडाला काय त्रास होता?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

चैत्रातली गोष्ट. दुपारी तीनचा सुमार, मी मैदानावर कवायत घेत होतो. एक माणूस सायकल फेकूनच आत आला. किसनचा मेव्हणा. त्याच्या गावची, म्हणजे किसनच्या सासुरवाडीची जत्रा होती, पाच-सहा मैलांवर. किसनला तिथं भाव खायचा होता. सासरच्या माणसांसमोर त्यानं जाहीर केलं, की योगी सरांचा मी पट्टशिष्य. घोंगडी अंथरली, पडवीतून एक फरशी मागवली. मोठा दगड कशाला, पहिलीच वेळ आहे, हलकं असलेलं बरं, असा त्यानं विचार केला. आणि मेव्हण्याच्या हातात घण दिला.

“पडल्यालाय,” मेव्हणा रडत म्हणाला. “डोळं उगडं हायेत, पर बोलंना. श्वासच घीना.”

मी त्याचीच सायकल घेतली. आधी कालव्याकडं वळलो. सिस्टर दारात तांदूळ निवडत होत्या. मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पिशवी घेतली आणि कॅरियरवर बसल्या. बासष्ट वर्षांची बाई, एका हातानं माझा सदरा धरलेला. साऱ्या रस्त्यात त्यांनी एकच वाक्य म्हटलं. “मी मागं आहे, खड्डे बघून चालव.”

जत्रेतली माणसं गोल करून उभी होती. मध्ये घोंगडीवर किसन, बाजूला फरशीचे दोन तुकडे. तोंड निळसर पडलेलं, गाल फुगलेले, ओठ आवळून धरलेले. त्याची बायको चंद्रभागा डोक्याशी बसून त्याच्या नावानं हाका मारत होती. सिस्टरांनी गुडघे टेकून बरगड्या चाचपल्या, नाडी बघितली, छातीला कान लावला. मग माझ्याकडं वळून बघितलं. त्या नजरेची मला अजून भीती वाटते.

“तीन बरगड्या गेल्यात. पण श्वास घेता येत नाही असं नाही. तो घेतच नाही. मधे मधे चोरून घेतोय आणि पुन्हा कोंडतोय. याला असं कुणी शिकवलं?”

“मी.”

“मग त्याला सोडायला सांग. माझं तो ऐकायचा नाही.”

मी किसनच्या तोंडाजवळ वाकलो. “किसन, श्वास सोड.”

त्यानं डोळ्यांनीच नाही म्हटलं. त्याचे डोळे भीतीनं भरले होते. श्वास सुटला तर संपलं, हे मीच त्याला सांगितलेलं. आणि तो माझा शब्द मोडायला तयार नव्हता.

भोवती दोनशे माणसं. निम्म्यांनी माझे प्रयोग बघितलेले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो. “किसन, ते खोटं होतं. प्राण कोंडायचं काही नसतं. दगड जड होता म्हणून मला लागत नव्हतं. तुला मी फसवलं. सोड तो श्वास, मित्रा.”

किसन माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या गालातली हवा हळूहळू गेली. पाठोपाठ तो कण्हला, आणि एक लहानसा श्वास आत गेला.

“लहान लहान घे,” सिस्टर म्हणाल्या. “पण घे. बबन, त्याच्या बरोबर तूही घे.”

उसाच्या ट्रकची सोय होऊन आम्ही नगरच्या दवाखान्याकडं निघेपर्यंत तास गेला असेल. तो सगळा तास मी त्याचा हात धरून त्याच्या बरोबर श्वास घेत बसलो. मधे त्याला पहिल्यांदा बोलता आलं. तो म्हणाला, “खोटं?”

“खोटं.”

“मंग माझी फर्शी हलकी हुती म्हून?”

“हो.”

त्याला हसू आलं. हसल्यावर बरगड्यांत कळ आली आणि तो ओरडला. चंद्रभागेनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, “ह्यो जगला तर ह्याला आनी तुमाला दोगानला मी बगती.”

तो जगला. फुप्फुसाला धक्का लागला नव्हता. दीड महिना आडवं पडायचं, एवढ्यावर भागलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी बाजारतळावर उभा राहिलो. लोकांना वाटलं, प्रयोग आहे. गर्दी झाली. मी जड दगड आणि पातळ फरशी शेजारी शेजारी ठेवली आणि सगळी युक्ती फोडून सांगितली. यात योग नाही, हे तीनदा सांगितलं. ऐकताना लोकांचे चेहरे पडत गेले. एक म्हातारा शेतकरी जाता जाता म्हणाला, “मास्तर, म्हाईत नव्हतं तवर बरं चाललं हुतं.” दुसऱ्या दिवशी वर्गाला पाच माणसं होती. त्यातले हेडमास्तर धरून तीन घोरणारे.

इथं एक कबुली देऊन टाकतो. नंतरच्या वर्षांत मी बराच फिरलो. पोलिसांना शिकवलं, नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना शिकवलं. व्यासपीठावर कुणी गुरूचं नाव विचारलं की मी आमच्या तालमीतल्या वस्तादांचं नाव घ्यायचो. ते भारदस्त वाटायचं. एका नर्सबाईनं मला हात खाली घ्यायला शिकवलं, हे सांगायला मला वीस वर्षं लागली. तोवर त्या गेल्या होत्या. दगडाची थाप मी आठवड्यात कबूल केली, आणि ही मात्र इतकी वर्षं खुशाल चालू दिली.

किसन खाटेवर असतानाच एके दिवशी चंद्रभागा वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, जत्रेत दिलेला शब्द पाळायला आली. तिच्या मागं आणखी आठ बायका. सगळ्या उसात खुरपायला जाणाऱ्या.

“भावजी, आमाला शिकवा.”

“काय शिकवू, वहिनी?”

“लाठी.”

“लाठी? आणि ती कशाला?”

“आमच्या ह्यांनी परत दगूड उचलला तर लागल.” मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

पुरुषांच्या वर्गात त्या येणार नाहीत आणि मी एकटा शिकवणं गावाला चालणार नाही, म्हणून जागा ठरली सिस्टरांचं अंगण, आणि वेळ बाजारच्या दिवशी दुपारची. त्या दिवशी शेतावर सुट्टी असायची. सिस्टरांनी अट घातली, अर्धा वेळ लाठी, अर्धा वेळ निपचित पडणं. बायकांना दुसरा अर्धा कशासाठी ते कळलंच नाही. लाठी मात्र त्यांनी माझ्या पोरांपेक्षा लवकर उचलली. खुरपं आणि कोयता धरलेले हात ते. मनगट कसं फिरवायचं हे मला सांगावंच लागलं नाही. पहिल्याच दिवशी चंद्रभागेनं पेरूची फांदी उडवली आणि सिस्टरांनी ‘बघून गं’ म्हणून पेरू वेचून सगळ्यांना वाटले.

मग शवासनाची वेळ आली. अंगणात गोणपाटं अंथरली. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो, कारण पुरुषासमोर आडवं व्हायला त्या लाजत होत्या. सिस्टर सांगत होत्या, पाय सोडा, कंबर सोडा, खांदे सोडा. सुरुवातीला खुसखुस ऐकू येत होती. मग ती थांबली. आणि मग घोरणं सुरू झालं. एकीचं, दोघींचं, नऊजणींचं.

“बाई, झोपल्या या,” मी भिंतीकडं बघत कुजबुजलो. “उठवू का? शवासनात झोपायचं नसतं, तुम्हीच सांगितलंय.”

सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “यांतली एक तरी दुपारची कधी आडवी झाली असेल का? बाळंतपणं सोडून? तू जा, फाटकात उभा राहा. कुणाला आत सोडू नको.”

मी एक लाठी उचलली आणि फाटकात जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासानं पहिला नवरा आला. बाजारातून पिशव्या घेऊन आलेला, वैतागलेला.

“आमची मंडळी हितं हाय का? चहा कोन करनार?”

“हळू बोला. समाधी लागलीय.”

त्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. “घोरत्यात की वो.”

“तीच पहिली पायरी. आता मध्येच उठवलं तर फार वाईट.”

“बाईला काय व्हतं?”

“बाईला काही होत नाही. जो उठवतो, त्याला जन्मभर स्वतःच्या हातानं स्वयंपाक करावा लागतो.”

तो चार पावलं मागं सरकला. पायातल्या वहाणा काढून त्यानं हातात घेतल्या आणि रस्त्याच्या मातीतून अनवाणी, आवाज न करता निघून गेला. त्या दुपारी अशा सहा जणांना मी परत पाठवलं. थापा सोडल्याचं मी भर बाजारात जाहीर केलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता. पण यावेळी सिस्टर माझ्या मागं पेरूच्या झाडाखाली बसून सगळं ऐकत होत्या, आणि त्यांनी एकदाही मला हटकलं नाही.

उन्हं कलली तशी चंद्रभागा दचकून उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर गोणपाटाची नक्षी उमटलेली. इकडं तिकडं बघत तिनं विचारलं, “किती वाजलं? कुनी हाक मारली का मला?”

“नाही,” मी फाटकातून म्हणालो.

“कुनीच न्हाई?”

“कुणीच नाही.”

तिनं माझ्या पलीकडं रस्त्यावर कुणी आहे का ते वाकून बघितलं. हे तिला खरंच वाटत नव्हतं. मग तिनं लाठी उशाला घेतली आणि म्हणाली, “मंग पडते जराशी.”

आणि ती पुन्हा झोपली.